शाळेचें दार बंद होतें तेव्हां

जी गोष्ट रोज बिनबोभाट मिळते तिचें मोल मनुष्यास सहसा कळत नाहीं. शाळा ही अशाच गोष्टींपैकीं एक होय. सकाळीं मुलास दप्तर देऊन घराबाहेर पाठविलें कीं सायंकाळपर्यंत त्याचा भार समाजानें उचलला, असें आपण गृहीत धरून चालतों. मग एखाद्या दिवशीं शिक्षकांच्या संपाची वार्ता येते आणि घरोघर धांवपळ सुरू होते. कोणी मार्गदर्शक पुस्तकें विकत आणतो, कोणी खासगी शिकवणीची चौकशी करतो, तर कोणी मुलाच्या हातीं मोबाइल देऊन मोकळा होतो. ह्या धांवपळीला आपण पूर्वतयारी हें भारदस्त नांव देतों. परंतु संकट दाराशीं येऊन ठेपल्यावर जी होते ती तयारी नव्हे, ती तारांबळ होय.

शाळा बंद पडण्याचा प्रसंग महाराष्ट्रास नवा नाहीं. दुष्काळानें शाळा ओस पडल्या आहेत, साथींनीं त्यांना कुलुपें लागलीं आहेत, राजसत्तेच्या धोरणानें त्यांचीं दारें बंद झालीं आहेत, आणि शिक्षकांच्या संपानेंहि तीं बंद राहिलीं आहेत. कारणें निरनिराळीं असलीं तरी प्रत्येक वेळीं प्रश्न एकच उभा राहिला: शाळा बंद असतां कोणाचें शिक्षण टिकलें, आणि तें कशाच्या बळावर टिकलें? ह्या प्रश्नाचा इतिहासाच्या आधारें शोध घेण्याचें आम्हीं योजिलें आहे; कारण आमच्या मतें कुटुंबांनीं काय तयारी करावी ह्याचें उत्तर त्यांतच आहे.

हा शोध कोठून तरी सुरू केला पाहिजे. पुण्या-मुंबईच्या अनुभवाची चर्चा पुष्कळ झाली आहे. आम्ही बीड जिल्ह्यांतील कडा ह्या गांवापासून आरंभ करतों. आष्टी तालुक्यांतील हें गांव कांद्याच्या बाजारासाठीं परिसरांत ओळखलें जातें. अहिल्यानगर, म्हणजे पूर्वीचें अहमदनगर, येथून आष्टीकडे जाणारी आगगाडी २३ सप्टेंबर १९२२ नव्हे, तर त्यानंतर पूर्ण शंभर वर्षांनीं, २३ सप्टेंबर २०२२ रोजीं, ह्या गांवावरून धांवूं लागली. एवढ्या एका गोष्टीवरून ह्या भागाच्या वाट्याला आलेली उपेक्षा लक्षांत येईल. गांवांत आज शाळा आहेत, अमोलक जैन विद्या प्रसारक मंडळाचें महाविद्यालयहि आहे. परंतु ह्या सोयी येथें सहजासहजीं आलेल्या नाहींत.

१९४८ पर्यंत हा सारा मुलूख निजामाच्या हैदराबाद संस्थानांत होता. पश्चिमेस थोडें चालून गेलें कीं इंग्रजी अंमलाचा नगर जिल्हा लागे. भाषा एक, सोयरीक एक, बाजारहि बहुधा एक. पण शाळेच्या बाबतींत मात्र ह्या सीमेनें मोठें अंतर पाडलें होतें. संस्थानांत वरच्या शिक्षणाचें माध्यम उर्दू होतें. १९१८ सालीं स्थापन झालेलें उस्मानिया विद्यापीठहि उर्दूंतूनच शिकवीत असे. मराठी घरांतील मुलास प्राथमिक इयत्तांच्या पुढें परक्या भाषेचा डोंगर चढावा लागे. ज्याची ऐपत असे तो आपला मुलगा सीमेपलीकडे आप्तांच्या घरीं ठेवी. ज्याची नसे त्याचा मुलगा औताच्या मागें जाई. मुलीचा तर प्रश्नच उद्भवत नसे. शाळेचें दार येथें एखाद्या दिवशीं बंद झालें असें नव्हे. बहुसंख्य लोकांसाठीं तें उघडलेंच नव्हतें.

ह्या परिस्थितींत समाजानें काय केलें? कांहीं मंडळींनीं आपली शाळा आपणच काढली. १९२१ सालीं हिप्परगा येथें व्यंकटराव देशमुख व अनंतराव कुलकर्णी ह्यांच्या पुढाकारानें राष्ट्रीय शाळा उभी राहिली. पुढें स्वामी रामानंद तीर्थ ह्या नांवानें विख्यात झालेले व्यंकटेश खेडगीकर ह्या शाळेचे मुख्याध्यापक झाले, आणि नंतर बीड जिल्ह्यांतील अंबाजोगाई, तेव्हांचें मोमिनाबाद, येथील योगेश्वरी विद्यालयांत त्यांनीं व त्यांच्या सहकाऱ्यांनीं तेंच कार्य चालविलें. ह्या शाळांच्या पाठीशीं सरकारी तिजोरी नव्हती. अल्प वेतनावर राहणारे शिक्षक, आणि आपल्या धान्यांतून, आपल्या पैशांतून त्यांना जगविणारे गांवकरी, ह्या दोघांच्या विश्वासावर त्या चालल्या. शिक्षक आणि पालक ह्यांच्यांतील हा विश्वास हेंच शाळेचें खरें भांडवल होय, हा ह्या इतिहासाचा पहिला धडा आहे.

दुसरा धडा १९३८ सालचा. औरंगाबाद व हैदराबाद येथील विद्यार्थ्यांनीं वसतिगृहांत 'वंदे मातरम्' म्हणण्याचा हक्क सोडण्यास नकार दिला, आणि त्याबद्दल त्यांना आपल्या शिक्षणसंस्थांतून बाहेर पडावें लागलें. एका फटक्यांत शेंकडों तरुणांचें शिक्षण संपुष्टांत यावयाचें; परंतु नागपूर विद्यापीठानें त्यांच्यापैकीं अनेकांस आपलें दार उघडलें. पुढें भारताचे पंतप्रधान झालेले नरसिंह राव हे ह्या विद्यार्थ्यांपैकींच एक होत. पुन्हां १९४७-४८ च्या मुक्तिसंग्रामांत अनेक विद्यार्थ्यांनीं शाळा-महाविद्यालयें सोडलीं, आणि सप्टेंबर १९४८ मध्यें संस्थान भारतांत विलीन झाल्यावर त्यांतील कित्येकांस तुटलेला धागा पुन्हां जोडावा लागला. ज्यांस दुसऱ्या कोणीं आश्रय दिला ते शिकले. ज्यांस तो मिळाला नाहीं त्यांचीं नांवें कोणत्याहि इतिहासांत आलीं नाहींत. एक दार बंद होतें तेव्हां मुलाचें भवितव्य त्याच्या हुशारीपेक्षां दुसरें कोणतें दार त्याच्यासाठीं उघडें आहे ह्यावर अधिक अवलंबून असतें.

साथी आणि दुष्काळ ह्यांचा अनुभव आणखी निराळी गोष्ट सांगतो. १८७७ च्या दुष्काळांत जोतीराव व सावित्रीबाई फुले आणि त्यांचे सत्यशोधक सहकारी ह्यांनीं धनकवडी येथें बालाश्रम काढला, तो अक्षरें शिकविण्यासाठीं नव्हे, तर मुलांस अन्न घालण्यासाठीं. ज्या दांपत्यानें आयुष्य शाळांसाठीं वेंचलें त्यांनीं त्या प्रसंगीं पाटीच्या आधीं भाकरी ठेवली, ह्यांत मोठें शहाणपण होतें. १९७२-७३ च्या दुष्काळांत मराठवाड्यांत शाळा कागदोपत्रीं चालूं होत्या. पण खडी फोडण्यास गेलेल्या आईबापांबरोबर मुलेंहि कामावर जात आणि तेथें मिळणाऱ्या सुकडीवर दिवस काढीत. शाळेची इमारत उघडी असली म्हणजे शाळा चालूं असते असें नाहीं, आणि पोट रिकामें असलें म्हणजे दार उघडें असूनहि तें बंदच असतें.

आतां संपाकडे वळूं. महाराष्ट्रांतील सर्वांत दीर्घ आठवण आहे ती १४ डिसेंबर १९७७ रोजीं सुरू झालेल्या आणि ५४ दिवस चाललेल्या राज्य कर्मचाऱ्यांच्या संपाची. र. ग. कर्णिक हे त्याचे नेते, वसंतदादा पाटील मुख्यमंत्री, आणि महागाई भत्ता हा वादाचा मुख्य विषय. जवळचा प्रसंग २०२३ सालचा. १ नोव्हेंबर २००५ रोजीं वा त्यानंतर सेवेंत आलेल्या कर्मचाऱ्यांना तेव्हां जुन्या पद्धतीचें निवृत्तिवेतन नव्हतें. तें मिळावें म्हणून १४ मार्च २०२३ पासून सरकारी कर्मचारी व शिक्षक संपावर गेले. दहावी-बारावीच्या परीक्षा तेव्हां चालूंच होत्या, त्यामुळें घरोघरचा जीव टांगणीस लागला. २० मार्च रोजीं मुख्यमंत्र्यांशीं झालेल्या बोलण्यानंतर संप मागें घेण्यांत आला. अवघा एक आठवडा. पण तेवढ्यांत शिक्षकांविषयीं जे कडवट उद्गार कांहीं सुशिक्षित घरांच्या ओसरीवर निघाले त्यांचे व्रण एका आठवड्यांत भरून येणारे नव्हते.

येथें आम्हांस दोन्ही बाजूंस कांहीं सांगावयाचें आहे. ज्यानें चाळीस मुलांस शहाणें करावें अशी आपली अपेक्षा, त्याला स्वतःच्या म्हातारपणाची चिंता करूं नकोस असें सांगण्याचा अधिकार आपणांस नाहीं. उलटपक्षीं, गिरणी बंद पडली तर कापड उद्यां विणतां येतें. मुलाचें तिसरीचें वर्ष मात्र उद्यां पुन्हां येत नाहीं, हें शिक्षकांनींहि विसरूं नये. परंतु हा वाद कसाहि सुटो, मुलाच्या देखत गुरुजींचा उपहास करणारा बाप संपाहून अधिक हानि करतो. संप मिटतो; गुरुजींवरील मुलाची श्रद्धा एकदां उडाली कीं ती सरकारी आदेशानें परत येत नाहीं.

सर्वांत मोठा बंद मात्र संपानें घडविला नाहीं. मार्च २०२० मध्यें करोनाच्या साथीमुळें शाळा बंद झाल्या. नववी ते बारावीचे वर्ग त्याच वर्षीं नोव्हेंबरांत कांहीं ठिकाणीं उघडले, पण पुन्हां बंद झाले. ग्रामीण भागांतील पहिली ते चौथीच्या मुलांस शाळेंत पाऊल टाकण्यास १ डिसेंबर २०२१ उजाडावा लागला. सरकारनें शिक्षण सुरू ठेवण्याचा यत्न केला नाहीं असें नाहीं. जुलै २०२० पासून सह्याद्री वाहिनीवर 'टिलीमिली' ही पाठमाला दाखविण्यांत येऊं लागली. अशीच युक्ति १९३७ सालीं अमेरिकेंतील शिकागो शहरानेंहि केली होती; पोलिओच्या भीतीनें शाळा उघडण्यास विलंब झाला तेव्हां तेथें नभोवाणीवरून धडे दिले गेले आणि वर्तमानपत्रांतून त्यांचीं टिपणें छापलीं गेलीं. दोन्ही ठिकाणीं अडचण एकच: ज्या घरांत यंत्र आहे, आणि यंत्रापुढें मुलाला बसविणारें वडील माणूस आहे, तेथेंच धडा पोंचतो. परिणाम काय झाला हें 'असर' ह्या पाहणीनें दाखविलें. देशाच्या ग्रामीण भागांत तिसरींतील ज्या मुलांस दुसरीचा मजकूर वाचतां येई त्यांचें प्रमाण २०१८ सालीं शेंकडा २७.३ होतें, २०२२ सालीं तें २०.५ वर आलें. ज्या मुलांनीं ओळखींचीं अक्षरें गमावलीं त्यांत आपल्या वाचकांचीं मुलें फारशीं नसतील. तीं कोणाचीं होतीं, हें पाहण्यासाठीं पुन्हां कड्याच्या परिसरांत यावें लागेल.

आष्टी, पाटोदा, शिरूर ह्या तालुक्यांतून दर वर्षीं दिवाळीच्या सुमारास माणसांचे तांडे निघतात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते. नवरा-बायको मिळून एक 'कोयता' धरला जातो. आणि पश्चिम महाराष्ट्र व कर्नाटकाच्या कारखान्यांच्या फडांवर ऊंसतोडीसाठीं बिऱ्हाड हालतें तें उन्हाळ्याच्या तोंडींच परत येतें. ज्या मुलांस बरोबर नेलें जातें त्यांची शाळा दर वर्षीं चार-पांच महिने बंद पडते. कोणीं संप पुकारलेला नसतो, वर्तमानपत्रांत बातमी नसते, चिंतेचे लेख निघत नाहींत. ह्यावर उपाय म्हणून कारखान्यांजवळ साखरशाळा चालल्या. गांवांत राहणाऱ्या मुलांसाठीं हंगामी वसतिगृहें निघालीं. आजीजवळ राहणारें मूल अशा वसतिगृहाच्या आधारानें दोन वेळ जेवतें आणि शाळेंत टिकतें. अशा मुलाच्या घरीं शाळा म्हणजे केवळ धडा नव्हे. दुपारची खिचडी तेथें आहे, दिवसभराची राखण तेथें आहे. आणि मुलगी असेल तर, जोंवर तिचें नांव पटावर आहे तोंवर लग्नाची बोलणी पुढें ढकलण्यास आईजवळ एक कारण आहे. शाळा बंद राहिली कीं हीं तिन्हीं एकदम जातात.

म्हणून पूर्वतयारीचा विचार केवळ आपल्या उंबरठ्यापुरता करून भागत नाहीं. तसा तो केल्यास काय होतें ह्याचें एक कठोर उदाहरण अमेरिकेच्या व्हर्जिनिया राज्यांत घडलें. गोऱ्या व काळ्या मुलांस एकत्र शिकवावें लागूं नये म्हणून प्रिन्स एडवर्ड परगण्यानें १९५९ सालीं आपल्या सार्वजनिक शाळाच बंद केल्या. गोऱ्या कुटुंबांनीं चटकन् खासगी शाळा उभारली. त्यांची तयारी उत्तम होती. काळ्या मुलांपैकीं ज्यांस दूरच्या नातेवाइकांकडे पाठवितां आलें तीं कशीबशीं शिकलीं. बाकीच्यांचीं वर्षें वायां गेलीं. न्यायालयाच्या निर्णयानें १९६४ सालीं शाळा उघडल्या तेव्हां पांच वर्षें लोटलीं होतीं. तेथील हेतु दुष्ट होता, आपला तसा नाहीं, हें खरें. परंतु ज्यांचा आवाज अधिकाऱ्यांच्या कानीं पोंचतो त्यांचीं मुलें सुरक्षित झालीं म्हणजे बंद शाळा उघडण्याची घाई कोणासच उरत नाहीं, हा नियम हेतूवर अवलंबून नसतो.

हें सर्व ध्यानांत घेऊन कुटुंबांनीं काय करावें? आमच्या मतें तयारीचा आरंभ शाळा चालूं असतांनाच झाला पाहिजे. घरांत रोज अर्धा तास, ठरलेल्या वेळीं व ठरलेल्या जागीं, मुलानें मोठ्यानें वाचावें आणि वडील माणसानें ऐकावें. पाढे, बाजाराचा हिशेब, आजोबांना वाचून दाखविलेलें वर्तमानपत्र, एखाद्या नातलगास लिहिलेलें पत्र, एवढी सामुग्री पुरे. ही संवय आधींपासून असेल तर संपाच्या दिवसांत अर्ध्या तासाचे दोन तास करणें सोपें जातें. नसेल तर एकाएकीं मास्तर बनलेल्या बापाचें मूल ऐकत नाहीं, आणि चौथ्या दिवशीं दोघेहि कंटाळतात.

संपाची सूचना बहुधा आगाऊ मिळते. ती मिळतांच वर्गशिक्षकांस भेटून पुढील पंधरवड्यांत कोणता भाग व्हावयाचा होता एवढें आदरानें विचारून ठेवावें. रागानें नव्हे, आणि त्यांनीं संप मोडावा म्हणूनहि नव्हे. बालभारतीचीं पाठ्यपुस्तकें आतां संगणकावर व मोबाइलवर विनामूल्य मिळतात, तेव्हां नव्या खरेदीची गरज नाहीं. दहावी-बारावीच्या मुलांच्या घरीं परीक्षेविषयीं मंडळाच्या अधिकृत सूचनेवांचून दुसऱ्या कोणत्याहि वार्तेवर विश्वास ठेवूं नये. अफवेनें जितकी झोंप उडते तितकी अभ्यासानें उडत नाहीं.

आईबाप दोघेहि नोकरी करीत असतील तेथें खरा प्रश्न अभ्यासाचा नसून राखणीचा असतो. अशा वेळीं आळींतील चार-पांच घरांनीं एकत्र यावें. एक दिवस एका घरीं, दुसरा दिवस दुसऱ्या घरीं. निवृत्त झालेले काका, शिकत असलेली मोठी ताई, कोणाची आजी, ह्यांच्यांतून प्रत्येकास एक दिवस वांटून द्यावा. आणि ह्या बैठकींत स्वयंपाकासाठीं येणाऱ्या बाईच्या, रखवालदाराच्या, शेजारच्या वस्तीवरील मजुराच्या मुलासहि जागा व जेवणाचें ताट असावें. पांच मुलांस शिकविणाऱ्याला सातवें मूल जड होत नाहीं. ही संपाविरुद्ध उभारलेली शाळा नव्हे. शिक्षक परत येईपर्यंत विस्तव राखून ठेवण्याचें हें काम आहे.

मुलींच्या बाबतींत विशेष दक्षता हवी. शाळा बंद झाली कीं मुलगा मोकळा होतो आणि मुलगी घरकामास लागते; हा भेद घरांतील मंडळींच्या लक्षांतहि येत नाहीं. तिच्या वाचनाची वेळ मुलाच्या वेळेइतकीच अढळ ठेवावी.

राहतां राहिला सार्वजनिक कर्तव्याचा भाग. १ एप्रिल २०१० पासून अमलांत आलेल्या शिक्षणहक्क कायद्यानें शाळा व्यवस्थापन समितींत तीन-चतुर्थांश जागा पालकांस दिल्या आहेत. ह्या समितीच्या सभेस आपण जातों काय? बंद लांबला तर मुलांच्या वाट्याचें धान्य घरीं कसें पोंचावयाचें, हंगामी वसतिगृहाची चूल कोण पेटती ठेवणार, गैरहजर राहूं लागलेल्या मुलाच्या घरीं कोण जाऊन येणार, हे प्रश्न ह्या सभेंत संपापूर्वीं विचारले गेले पाहिजेत. २०२० सालीं शाळा बंद असतांहि विद्यार्थ्यांस कोरडा शिधा देण्यांत आला होता. म्हणजे इच्छा असल्यास ही व्यवस्था होऊं शकते.

मुलगा विचारील, "गुरुजी कां येत नाहींत?" त्याला खरें उत्तर द्यावें. गुरुजींना आपल्या उतारवयाची काळजी आहे, सरकारजवळ पैसा किती हा वाद आहे, आणि दोघांचें बोलणें चाललें आहे, एवढें दहा वर्षांच्या मुलास कळतें. नागरिकशास्त्राचा ह्याहून चांगला धडा पुस्तकांत सांपडणार नाहीं.

शेवटीं, शाळा उघडेल त्या दिवसाचीहि तयारी असूं द्यावी. राहिलेला भाग उरकण्याची घाई शिक्षकांस असेल. पालकांनीं मात्र मूल मागचें किती विसरलें हें आधीं पहावें, आणि वर्गांत कोणती जागा रिकामी आहे हेंहि पहावें. त्या जागेवर बसणारें मूल कोठें गेलें, ह्याची चौकशी ज्या गांवांत होते त्या गांवांतील शाळा कोणत्याहि संपानें मोडत नाहीं.